शंभरात चार

हृदय मिळाल्याचा फोन आला तेव्हा मंगेश देवतळे पोहे खात होता आणि त्याची बायको रेवती, वरून मीठ का घेतलंस म्हणून त्याला बोलत होती. सकाळचे आठ पन्नास झाले होते. चेन्नईच्या रुग्णालयातली बाई हिंदीत, शब्द मोजून बोलली. दाता मिळाला आहे, रक्तगट जुळतो, वजन जुळतं. दुपारी चारच्या आत रुग्ण टेबलावर हवा. तुम्ही येऊ शकता का?

येऊ शकता का, म्हणे! चौदा महिने नागपूरच्या हुडकेश्वर रोडवरच्या त्या तीन खोल्यांत माणसं दुसरं काय करत होती? रेवतीने हो म्हटलं, फोन ठेवला आणि मंगेशच्या हातातली बशी काढून घेतली. भूल द्यायची तर पोट रिकामं हवं.

"म्हणजे कोणीतरी गेलं आज सकाळी," मंगेश म्हणाला.

"हो. अकरा चाळीसचं विमान आहे. शर्ट बदल."

मंगेशच्या आईने, प्रमिलाबाईंनी, देवापुढे साखर ठेवली आणि त्या तिथेच भिंतीला टेकून बसल्या. आनंदाची बातमी पचवायची सवय त्या घराला राहिली नव्हती.

मंगेशचं मानेवाड्याला टू-व्हीलरचं गॅरेज होतं. तीन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि हृदयाचा स्नायू सैल पडला तो पडलाच. डॉक्टरांनी हृदयाला जोडून लिंबाएवढा पंप बसवला. हृदय ठोके देत रक्त ढकलतं. हा पंप एकसारखा, न थांबता ढकलतो. त्यामुळे मंगेशला नाडी लागत नसे. पंपाची वायर पोटातून बाहेर येऊन कमरेच्या डबीत जाई, आणि डबीतून दोन वायरी निघून दोन्ही काखांखाली अडकवलेल्या दोन बॅटऱ्यांना लागत. लिथियमच्या, प्रत्येकी अर्ध्या किलोच्या. एक जोडी आठ तास चाले. अशा तीन जोड्या, सहा बॅटऱ्या, त्याच्यापाशी होत्या. रात्री तो पंप भिंतीतल्या विजेवर लावून झोपे, तेवढा वेळ सहाही बॅटऱ्या मोकळ्या.

बॅटऱ्या भरायचं काम रेवतीचं. अख्ख्या नागपुरात तिच्याइतकं ते कुणाला जमलं नसतं, कारण तिची नोकरीच ती होती. विमानतळावरच्या बॅटरी-तपासणीच्या टेबलावर ती वरिष्ठ होती. सुटी बॅटरी विमानाच्या पोटातल्या सामानात द्यायची नाही, स्वतःजवळ ठेवायची. तिची धातूची टोकं चिकटपट्टीने झाकायची. एक बॅटरी दुसरीला लागू द्यायची नाही, किल्ल्या आणि नाण्यांच्या तर जवळपासही नाही. पडलेली, फुगलेली, तापणारी असेल तर घरीच ठेवायची. दिवसातून शंभरदा ती हे लोकांना सांगे आणि लोक तिला खाष्ट म्हणत. घरातही मंगेश म्हणायचाच. आज तिने चार बॅटऱ्यांना पट्ट्या लावल्या, चार वेगळ्या पिशव्यांत घातल्या, वर डॉक्टरांचं पत्र ठेवलं. उरलेल्या दोन मंगेशच्या अंगावर. पट्टी कुठे वाकडी लागली नाही.

पावणेदहाला ते विमानतळावर होते.

टेबलावर रोशन मेश्राम होता. तिशीतला, रेवतीच्याच हाताखाली तयार झालेला. दोघांना आणि त्या पिशव्यांना बघून तो खुर्चीवरून उठलाच.

"मॅडम, मिळालं?"

"मिळालं. घे लवकर."

त्याने मंगेशला शेजारच्या वैद्यकीय खोलीत बसवलं, त्याचा पंप भिंतीच्या विजेवर लावला, आणि सहाही बॅटऱ्या ट्रेमध्ये घालून यंत्राकडे आणल्या. यंत्राचं नाव कानोसा.

आधी विमानतळावर बॅटरीचा नुसता एक्स-रे निघे. त्यात आकार दिसायचा, तब्येत दिसायची नाही. लिथियमची बॅटरी म्हणजे आत पातळ पापुद्र्यांची गुंडाळी. एक पापुद्रा तांब्याचा, एक ॲल्युमिनियमचा, आणि मध्ये केसाहून पातळ पडदा. बॅटरीला कुणी छळलं, फार तापवली, फार रिकामी केली, तर आत धातूचे बारीक काटे वाढायला लागतात. एखादा काटा तो पडदा भेदून पलीकडे टेकला की संपलं. आतल्या आत ठिणगी, आणि मग बॅटरी स्वतःच्याच पोटातला माल जाळत सुटते. विमानातल्या साध्या आग विझवायच्या नळकांड्याला ती दाद देत नाही. बाहेरून पाहिलं तर ठिणगीच्या आदल्या मिनिटापर्यंत बॅटरी अगदी गुणी दिसते.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेने त्यावर उपाय काढला. बॅटरीत आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि परत येणारा आवाज ऐकायचा. काटे असतील तर तो किंचित फाटका येतो. हजारो बॅटऱ्या जाणूनबुजून पेटवून, पेटण्याआधीचे त्यांचे आवाज त्या यंत्राला पाठ करून दिले होते. त्यामुळे ते नुसतं चांगली-वाईट म्हणत नसे. येत्या चोवीस तासांत ही बॅटरी पेटण्याची शक्यता किती, हा आकडा देई. हजारात एकच्या वर आकडा गेला की ती बॅटरी विमानात नाही. मंत्र्याची असो की महाराजांची. एका विमानात समुद्रावर आग लागून एकोणीस माणसं गेली, त्यानंतर हा कायदा झाला होता. त्याआधी अधिकारी डोळ्यांनी बघून, माणूस बघून, कधी दया येऊन सोडून देत. आता आकडा कळत होता, आणि कळलेली गोष्ट पुन्हा न कळलेली करता येत नाही.

पहिल्या बॅटरीला लाल दिवा लागला.

रोशनने ती काढून पुन्हा ठेवली. पुन्हा लाल. शंभरात नऊ. दुसरी, शंभरात अकरा. तिसरी सतरा. चौथी नऊ. मंगेशच्या अंगावरच्या दोन त्यातल्या त्यात बऱ्या निघाल्या. त्या दोन्ही शंभरात चार.

"मशीन बिघडली असन, मॅडम," रोशन म्हणाला. त्याने कपाटातून नमुन्याच्या दोन बॅटऱ्या काढल्या. रोज सकाळी यंत्राची परीक्षा घ्यायला चांगल्या माहीत असलेल्या या दोन बॅटऱ्या आधी लावून बघायच्या, अशी पद्धत रेवतीनेच घालून दिली होती. दोन्ही हिरव्या. यंत्र ठणठणीत होतं.

एखादी बॅटरी बिघडते, हे रेवती समजू शकत होती. सहाच्या सहा? तिने भिंग घेतलं आणि एकेकीची टोकं बघितली. धातूच्या खाचेत पिवळं काहीतरी वाळून बसलं होतं. नखाने खरवडलं आणि वास घेतला. हळद होती.

ती वैद्यकीय खोलीत गेली. मंगेशने तिचा चेहरा पाहिला आणि विचारायच्या आधीच त्याची मान खाली गेली.

"खांडेनवमीले आईनं पूजा केली होती," तो म्हणाला.

देवतळ्यांच्या घरात खांडेनवमीला गॅरेजची हत्यारं पुजायची चाल होती. पाने, जॅक, हवा भरायचा पंप, सगळं पाटावर. यंदा गॅरेज विकलं गेलं होतं आणि हत्यारंही त्याबरोबर. पाट रिकामा ठेवायचा कसा? ज्याच्यावर आपलं पोट, त्याला हात जोडायचे; आता लेकाचा जीव कशावर आहे, हे म्हातारीला पक्कं ठाऊक होतं. त्या संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत रेवती ड्युटीवर होती, सणाची गर्दी होती. मंगेश भिंतीच्या विजेवर आडवा झाल्यावर प्रमिलाबाईंनी सहाही बॅटऱ्या पितळेच्या ताटात मांडल्या, पाणी शिंपडलं, ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली, अक्षता आणि झेंडूची फुलं वाहिली. आणि पुजलेली वस्तू दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायची नाही. रात्रभर त्या तशाच, ओल्या पितळेवर, एकमेकींना चिकटून.

"सकाळी मी पुसल्या अन् चार्जिंगले लावल्या," मंगेश सांगत होता. "दोन तर चार्जिंग घेतच नव्हत्या. मग टोकांवरून पॉलिश पेपर मारला. स्कूटरच्या प्लगले मारतो न, तसा. मग घेतल्या."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू आईले बोलली असती."

बोलली असती. तोंड सोडलं असतं. आणि त्याच दिवशी कंपनीला फोन करून नव्या बॅटऱ्या मागवल्या असत्या. त्या दोन दिवसांत आल्या असत्या. या गोष्टीला अकरा दिवस झाले होते. एका म्हाताऱ्या बाईला सुनेची बोलणी बसू नयेत, एवढ्याशा मायेपोटी अकरा दिवस गेले होते. रात्रभर त्या ओल्या लेपातून वीज झिरपत राहिली, बॅटऱ्या तळापर्यंत रिकाम्या झाल्या. इतकी रिकामी झालेली बॅटरी आतलं तांबं विरघळवू लागते, आणि पुन्हा चार्ज केली की तेच तांबं काट्यांच्या रूपाने भलत्या जागी जाऊन बसतं. रेवती हे नव्या भरती झालेल्यांना शिकवायची. फळ्यावर आकृती काढून.

रडायला वेळ नव्हता. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने पंपाच्या कंपनीला फोन लावला. साठा हैदराबादला, गाडीने निघाला तर संध्याकाळी सात. नागपुरात हाच पंप असलेले आणखी एकच गृहस्थ होते. ते लेकाकडे अमरावतीला गेलेले, तिथून तीन तास, आणि चेन्नईचं पुढचं विमान रात्रीचं. विमान कंपनीला विचारलं, सीटजवळच्या विजेवर पंप चालवू का? उडताना आणि उतरताना ती वीज बंद होते, आणि चांगल्या सुट्या बॅटऱ्या बरोबर नसतील तर पंपाचा रुग्ण आम्ही घेतच नाही, म्हणाले. रुग्णवाहिका-विमानालाही हाच कानोसा लागू होता. रस्त्याने अकराशे किलोमीटर. एकेक दार वाजवून ती पुन्हा त्याच खोलीत आली.

रोशन मागोमाग आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"मॅडम, एक बोलू? नमुन्याच्या बॅटऱ्या आहेत न. नंबर भाऊंच्या बॅटऱ्यांचे टाकतो, अन् मशीनमध्ये आपल्या ठेवतो. हिरवी पावती निघते. चार मिनिटांचं काम आहे." त्याने कडीवर हात ठेवला. "तुम्ही फक्त हो म्हणा. मी बाहेर आहो."

तो गेला. खोलीत दोघंच राहिली, आणि भिंतीला वायरीने बांधलेला तो पंप.

"होते न तसं?" मंगेशने विचारलं.

खोटं बोलायचं तिच्या मनात आलं. "होतं," ती म्हणाली.

"माझ्या अंगावरच्या शंभरात चार म्हणते न तुमची मशीन? म्हणजे शहाण्णव वेळा काहीच होत नाही. अन् ते बी चोवीस तासांत. विमान तर दोन तासांचं बी नाही. मग तर एकेकीचे हजारात तीन-चार झाले." तो मेकॅनिक होता, हिशेब त्याचा चुकत नसे. "बाकीच्या चार इथंच ठेव. या दोन घेऊन जातो. सुट्या म्हणून तुमच्या नमुन्याच्या दाखवू."

"त्या तुझ्या पंपाला बसत नाहीत."

"दाखवायलेच म्हणून रायलो मी. लावायले नाही."

"आणि पेटली तर?"

"विमानात त्यांच्यापाशी आगीची पिशवी असते म्हणते न तू. त्यात टाकतीन."

"पॉवर बँक टाकतात, मंगेश. तुझी बॅटरी काढून टाकली की दुसरीवर पंप जातो, आणि दुसरीही तशीच आहे. ती शेजारच्या उष्णतेने पेटेल. तुझ्या अंगावर. बंद विमानात, धुरात."

"मी तर तसाबी मरूनच रायलो न," तो म्हणाला. मग अगदी खालच्या आवाजात, "रेवती, मी तुले कधी काही मागितलं नाही."

हे खरं होतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पोर झालं नाही, त्याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. ती पहाटेच्या पाळीला जाई तेव्हा तो उठून तिची गाडी चालू करून देई. मागणं हा त्याचा स्वभाव नव्हता. आज त्याने मागितलं होतं, आणि मागताना त्याला लाज वाटत होती, हे तिला दिसलं.

खोलीच्या काचेतून समोरचा कक्ष दिसत होता. अकरा चाळीसच्या विमानाची माणसं. रेवतीने यादी पाहिली होती, एकशे बासष्ट. गोटा केलेलं एक लहान मूल आजोबांच्या मांडीवर झोपलं होतं. सारखे ट्रॅकसूट घातलेल्या सात-आठ मुली एकाच फोनवर काहीतरी बघून हसत होत्या. एक माणूस डब्यातला उपमा खात होता. या लोकांचं आणि तिचं काही नातं नव्हतं. त्या क्षणी तिने त्यांचा जीव तोडून द्वेष केला, त्या झोपलेल्या पोराचासुद्धा. हजारात तीन. तिच्या नवऱ्याच्या अख्ख्या आयुष्यासमोर हजारात तीन. हो म्हणायला तोंड उघडायचीही गरज नव्हती; दार उघडून नुसती मान हलवली असती तरी रोशनला कळलं असतं.

"नाही," ती म्हणाली.

मंगेशने पुन्हा मागितलं नाही. त्याने फक्त विचारलं, "पक्कं?"

"पक्कं."

बाहेर रोशनने नमुन्याच्या बॅटऱ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. रेवतीने नकाराच्या कागदावर सही केली. रुग्णाच्या नात्याच्या रकान्यात काय लिहायचं ते तिला सुचेना, कारण तो रकाना सोबत आलेल्या माणसासाठी होता, अधिकाऱ्यासाठी नव्हताच.

मंगेशसाठी थांबवून धरलेलं विमान अकरा बावन्नला सुटलं. मंगेश वैद्यकीय खोलीत भिंतीपाशी बसून होता. त्याला तिथून हलताही येत नव्हतं. हैदराबादहून बॅटऱ्या येईपर्यंत तो त्या भिंतीचा होता. विमानाचा आवाज आला तेव्हा त्याने वर पाहिलं नाही. सव्वाबाराला चेन्नईच्या बाईचा फोन आला. वेल्लोरचा एक रुग्ण रस्त्याने निघालाय, हृदय त्याला देतोय. निराश होऊ नका, तुमचं नाव यादीत वरच आहे. ती फार गोड बोलली. ती दोन शब्द तोडून बोलली असती तर रेवतीला बरं वाटलं असतं.

"आईले सांगू नको," मंगेश म्हणाला. "हळदीचं."

"नाही सांगणार."

संध्याकाळी नियमाप्रमाणे त्या सहा बॅटऱ्या मिठाच्या पाण्याच्या पिंपात गेल्या. रात्री आठला नव्या बॅटऱ्या लावून दोघं रिक्षाने घरी आली. प्रमिलाबाई दारातच उभ्या होत्या. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता.

"परत काहून आले?"

"मशीननं नाही म्हटलं," मंगेश म्हणाला.

"कोन्ती मशीन?"

"विमानतळावरची. बॅटऱ्यांची."

म्हातारीने लेकाकडे पाहिलं, मग सुनेकडे. "म्हणजे तुमच्या टेबलावरची?"

"हो आई," रेवती म्हणाली.

"बाकीचे लोक गेले?"

"गेले."

प्रमिलाबाई आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी रेवतीशी थेट बोलणं सोडलं. भाजी काय करायची ते मंगेशमार्फत विचारायचं, चहा ओट्यावर ठेवून द्यायचा. शेजारणी यायच्या, आणि आतल्या खोलीतून ऐकू येई: सख्ख्या नवऱ्याले आपल्या हातानं परत आणलं, बाई. सरकारी शिक्का मोठा झाला. एक वाक्य बोलली असती तर रेवतीची यातून सुटका होती. ते वाक्य जिभेच्या टोकावर घेऊन ती भाकऱ्या थापत राहिली. कधी तिला वाटे, सांगून टाकावं, जळू दे हिलाही थोडं. मग ताटात सहा बॅटऱ्या मांडून त्यांना डोळे मिटून हात जोडणारी म्हातारी तिच्या डोळ्यांसमोर येई, आणि ते वाक्य ती गिळून टाकी.

मंगेशने मात्र आठवड्याभराने एक प्रश्न विचारला. "पेटल्या का त्या?"

"कळायला मार्ग नाही. मिठाच्या पाण्यात टाकल्या की वीज मरते. मग पेटत नाहीत."

"एक-दोन दिवस नुसत्या ठेवून बघायच्या होत्या."

"नियम आहे. त्याच दिवशी टाकाव्या लागतात."

"म्हणजे ते बी नाही कळायचं," तो म्हणाला आणि पेपर वाचू लागला.

एखादी तरी पेटली असती तर ती म्हणू शकली असती, बघ. सहाही थंड राहिल्या असत्या तर तो म्हणू शकला असता, बघ. दोघांनाही काही म्हणता येत नव्हतं. पंधरवड्याने तिच्या टेबलावर दोन तक्रारी आल्या. त्या दिवशीचं चेन्नईचं विमान बारा मिनिटं उशिरा सुटल्याबद्दल, प्रवाशांच्या. तिने दोघांनाही दिलगिरीचं पत्र पाठवलं. पत्राचा मजकूर ठरलेला होता.

हृदय पुन्हा आलं नाही. जानेवारीत मंगेशच्या पोटातल्या वायरीच्या भोकापाशी जंतू धरले. डॉक्टरांनी सगळी औषधं करून पाहिली. जंतू पंपापर्यंत पोचले तेव्हा चेन्नईहून कळवलं, की अशा अवस्थेत नवं हृदय देता येत नाही, नाव यादीतून काढत आहोत. रेवतीने बिनपगारी रजा घेतली. कानोसा तिच्यावाचूनही चालला. रोशन तिच्या खुर्चीत बसू लागला.

मार्चमधल्या एका दुपारी ती मंगेशची जखम पुसत होती. पंखा फिरत होता. प्रमिलाबाई बाहेरच्या खोलीत निजल्या होत्या.

"एक सांगू?" मंगेश म्हणाला.

"सांग."

"मी असतो न तुझ्या जागी, तर रोशनले हो म्हटलं असतं."

तिने हात थांबवला नाही. "माहीत आहे मला."

"एकशे बासष्ट लोक आहेत हे माहीत असून बी."

"तेही माहीत आहे."

तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर तिलाही चिडता आलं असतं. "तुले वाटलं होतं का तसं?" त्याने विचारलं.

"वाटलं होतं."

"मग?"

टेबलामागे बसून लोकांना द्यायची तिची उत्तरं तयार होती. कायदा, एकोणीस माणसं, इतरांचा जीव. तिने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की तो भांडत नाहीये. बंद पडलेल्या इंजिनापुढे उकिडवा बसून तो विचारायचा, हे थांबलं कशानं, तसा तो विचारत होता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग नाही म्हटलं," ती म्हणाली.

"पट्टी जरा ढिली बांध," तो म्हणाला आणि त्याने कूस वळवली.

त्यानंतर तो नऊ दिवस होता. बोलत होता, पाणी मागत होता, आईला हाक मारत होता. तो प्रश्न त्याने पुन्हा काढला नाही. रेवती रोज वाट बघायची. उत्तर तिला अजून सापडलं नव्हतं, पण त्याने विचारावं असं वाटायचं.

दहाव्या सकाळी तो गेला. डॉक्टर घरी आले, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, संपलंय. पण पंप चालूच होता. त्याला काय ठाऊक? हृदय थांबलं, श्वास थांबला, तरी तो अंगातलं रक्त एकसारखं फिरवत होता, आणि हैदराबादच्या त्या नव्या बॅटऱ्या अगदी उत्तम होत्या. डॉक्टर रेवतीला हळूच म्हणाले, बॅटऱ्या काढाव्या लागतील. तुम्हाला येतं ना?

प्रमिलाबाईंनी लेकाच्या छातीवर हात ठेवला होता. आतली घरघर त्यांच्या तळव्याला लागत होती. रेवतीचे हात त्याच्या काखेकडे आलेले पाहून त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"काढू नको, रेवती. चालू हाय न हे," त्या म्हणाल्या. "हात लावून पाह्य. चालू हाय."

पाच महिन्यांत त्या तिच्याशी पहिल्यांदाच बोलल्या होत्या. नाव घेऊन, आर्जव करून.

रेवतीने त्यांची बोटं एकेक करून सोडवली. मग तिने डावीकडची बॅटरी काढली आणि मग उजवीकडची.